दर दोन तासांनी कूस

कणा मोडलेल्या माणसाविषयी आपल्याकडे दोनच तऱ्हांनी बोलले जाते. एक, मागल्या जन्मीचे भोग. ते आपण १९५६ साली टाकून दिले. दुसरे, जिद्द असली की माणूस काहीही करतो. हे मात्र आपल्यातल्या शिकलेल्यांनाही पटते, म्हणून ते तपासले पाहिजे.

पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. कमरेखालचे बळ गेले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले. जिद्द खरीच, पण तिच्या पाठीशी लष्करी इस्पितळ होते. परांचीवरून पडणाऱ्या मजुराच्या पाठीशी काय असते?

कण्यातली मज्जारज्जू तुटली की पाय जातात, हे सगळ्यांना दिसते. कातडीची जाणीवही जाते, हे दिसत नाही. तुम्हीआम्ही झोपेतसुद्धा कूस बदलतो. याला टोचतच नाही, म्हणून हा हलत नाही. हाडाखाली दबलेल्या मांसाला रक्त पोचत नाही, ते मरते, जखम हाडापर्यंत जाते. लघवी तुंबते, मूत्रपिंडे सडतात. माणूस कण्याने नव्हे, या दोन गोष्टींनी मरतो. दुसऱ्या महायुद्धापर्यंत बहुतेक असेच मरत.

हे थांबवणारा डॉक्टर लुडविग गुटमान हा जर्मन यहुदी होता. १९३३ साली नाझींनी यहुदी डॉक्टरांना सरकारी इस्पितळांतून काढले; १९३९ साली त्याने इंग्लंड गाठले. जन्मावरून हाकलला गेलेला हा माणूस, आणि डॉक्टरांनी आशा सोडलेले रोगी त्याच्या वाट्याला आले! १९४४ साली स्टोक मँडेव्हिल येथे त्याने विभाग सुरू केला. त्याचा उपाय ऐकायला साधा आहे: रात्रंदिवस, दर दोन तासांनी, रोग्याची कूस बदलायची. मग लघवीची शिस्त, हातांना व्यायाम, हाताला काम. १९४८ साली त्याने तिथे १६ जणांच्या तिरंदाजीचा सामना भरवला. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. पण मुळाशी होती ती कूस.

माझा चुलतभाऊ सेंट्रिंगच्या कामावर तिसऱ्या मजल्यावरून पडला. ठेकेदाराने ओळखच नाकारली. मजूर म्हणून नोंद व्हायला नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागत होता. तो देणार तोच ठेकेदार. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ पासूनचा, पण कामावर होतो याचा कागद नसेल तर कायदा कुणाचा? इस्पितळाने घरी सोडताना कूस बदलायचे सांगितले नाही. महिन्याभरात माकडहाडाशी मूठभर खड्डा पडला.

मी पुस्तके घेऊन गेलो, तर दादा म्हणाला, "तुझी पुस्तकं ठेव बाजूला, आधी संडासाचं बघ." वस्तीचा संडास पाच पायऱ्या वर. शेवटी प्लॅस्टिकच्या खुर्चीला भोक पाडून घरातच सोय केली. वहिनी आणि दोन्ही मुलांनी रात्रीच्या पाळ्या लावून घेतल्या, गजर लावून. जखम भरायला सात महिने गेले. लघवीची नळी तो आता स्वतः घालतो, चार-पाच तासांनी, साबणाने हात धुऊन. बाईच्या झोपेवर उभे राहिलेल्या या जगण्याला कुणी पदक देत नाही, हे इथेच नोंदवून ठेवतो.

पूर्वी तो वायरमनच्या हाताखाली होता. आता कॉटवर बसून पंख्यांच्या, पंपांच्या मोटारी रिवाइंड करतो. तार गुंडाळायला पाय लागत नाहीत. पहिले पैसे आले त्या दिवशी तो घरात मोठ्याने बोलला; त्याआधी वर्षभर हळूच बोलायचा. परिपूर्ण जीवन वगैरे शब्द मी वर्गात वापरतो, पण माणूस आपल्या घरात आवाज चढवू शकतो याहून मोठी व्याख्या मला सापडलेली नाही.

२०१६ च्या कायद्याने अपंगांना सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा दिल्या. जागा मिळते, जिना तसाच राहतो. आणि जिने फक्त सरकारचेच नाहीत. आमच्या विहाराला तीन पायऱ्या आहेत. जयंतीचा हिशेब यंदा दादाकडे होता, वही त्याच्या घरी, सभा मात्र आत. त्याने उताराचा ठराव पाठवला. मंडपाला पैसे कमी पडतील म्हणून काहींनी विरोध केला. "आपण उचलून नेऊ की दादाला," असे एक जण प्रेमाने म्हणाला. दादाने निरोप धाडला, मला उचलू नका, सिमेंटच्या दोन गोण्या उचला. दोन सभा झाल्या आहेत. तिसरी पौर्णिमेला आहे.