लिबेनच्या माळावरचा चंडोल

दक्षिण इथिओपियातल्या नेगेले गावाबाहेर पडलं की लिबेनचा माळ लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवरचा सपाट, गवताळ प्रदेश. बोराना पशुपालक पिढ्यानपिढ्या इथे गुरं चारत आले आहेत. याच गवतात एक चंडोल राहतो. आकाराने चिमणीएवढा, रंगाने वाळल्या गवतासारखा, डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि शेपूट आखूड, बारीक. त्याच्या पायाकडे मात्र मुद्दाम पाहायला हवं. मागच्या बोटाचं नख इतकं लांब, की पायाच्या मानाने ते बेढब वाटावं. हा पक्षी फांदीवर राहणारा नाही. चालणं, खाणं, घरटं करणं, सगळं जमिनीवर, गवताच्या बुडख्यांमधून. तो उडतो मुख्यतः गाण्यासाठी. नर गवतातून वर उठतो, हवेत पंख फडफडवत एकाच जागी थांबल्यासारखा होतो, गातो आणि पुन्हा गवतात उतरतो. आपल्या माळावर डोंबारी नावाचा चंडोल ज्या हौसेने वर चढून खाली सूर मारतो, तो पाहिलेल्यांना हे दृश्य अगदीच परकं वाटणार नाही.

2009पर्यंत आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरून पक्ष्याची एकही जात नामशेष झाल्याची नोंद नव्हती. डोडो गेला तो मॉरिशस बेटावरून. बेटावरचे पक्षी अडचणीत आले की त्यांना पळायला जागा नसते. अख्खा खंड पसरलेला असताना एखादी जात संपेल, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण 2009 साली पक्षिशास्त्रज्ञ क्लेअर स्पॉटिसवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि हा चंडोल आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरून नामशेष होणारा पहिला पक्षी ठरू शकतो, असा इशारा दिला. लिबेनच्या माळावर त्याच्या राहण्याजोगी जागा तेव्हा 36 चौरस किलोमीटरपेक्षाही कमी उरली होती. प्रौढ पक्षी होते फार तर 90 ते 256.

या आकड्यात आणखी एक काळजीची गोष्ट दडलेली होती. माळावर मोजता येतात ते गाणारे नर. माद्या गवतात दबून असतात, त्या क्वचितच दिसतात. पाहणीतून असं लक्षात आलं, की नरांच्या मानाने माद्या फारच कमी आहेत. याचं एक कारण घरट्यात असावं. घरटं जमिनीवर, गवताच्या आडोशाला. गवत दाट असेल तर शिकारी प्राण्याला ते सापडत नाही. गवत खुरटं झालं आणि मधली माती उघडी पडली, की घरटंही उघडं पडतं आणि घरट्यावर बसलेली मादीही. म्हणजे माळावर गाणी ऐकू येत राहतात, ऐकणाऱ्याला वाटतं पक्षी टिकून आहे, आणि खाली पिढी पुढे नेणाऱ्या माद्याच कमी होत असतात. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची गणती वाचताना हे कायम ध्यानात ठेवावं असं मला वाटतं.

गवत गेलं कसं? गुरं वाढली, चराई जास्त झाली, हे सोपं उत्तर आहे. खरं असूनही ते अपुरं आहे, आणि सगळा दोष पशुपालकांच्या माथी मारणारं आहे. बोराना पूर्वी पावसामागे फिरायचे. एक माळ चरून झाला की कळप दुसरीकडे जात आणि पहिल्या माळाला विसावा मिळे. ते ठरावीक काळाने गवत पेटवायचेही. आगीत काटेरी झुडपांची कोवळी रोपं जळतात. गवताचे कोंब मात्र जमिनीखाली सुखरूप असतात, ते पावसात पुन्हा फुटतात. 1970च्या दशकात सरकारने अशा जाळण्यावर बंदी घातली. हेतू चांगला असेल, पण परिणाम उलटा झाला. बाभळीच्या जातीची झुडपं कडेकडेने माळात शिरली. दुसऱ्या बाजूने नांगर आला, शेतं झाली, कायमच्या वस्त्या झाल्या. फिरण्याच्या वाटा आखडल्या. उरलेल्या मधल्या तुकड्यावर सगळी गुरं बाराही महिने चरू लागली. झुडपांतही न राहणारा आणि उघड्या मातीवरही न राहणारा हा पक्षी त्या तुकड्यात कोंडला गेला. त्याच तुकड्यात बोरानांची गुरंही अर्धपोटी उभी होती.

महाराष्ट्रात हे वाचताना सोलापूरजवळचं नान्नज आठवल्याशिवाय राहत नाही. माळढोकासाठी 1979 साली तिथे अभयारण्य झालं, तरी माळढोक घटतच गेला. सरकारी दप्तरात आपलं माळरान आजही पुष्कळदा पडीक जमीन म्हणूनच ओळखलं जातं, आणि पडीक म्हटलं की तिथे झाडं लावण्याची नाहीतर काही बांधण्याची घाई होते. गवताळ माळ ही जंगलाइतकीच पूर्ण, स्वतःच्या नियमांनी चालणारी जागा आहे, ही समज दोन्हीकडे उशिरा आली.

या चंडोलाच्या कहाणीतला दुसरा धागा संग्रहालयात सापडतो. सर जेफ्री आर्चर हे ब्रिटिश सोमालीलँडचे प्रशासक आणि पक्ष्यांचे नाणावलेले जाणकार. त्यांनी तिथल्या माळावर लांब नखांच्या एका चंडोलाचे नमुने गोळा केले होते. 1920 साली त्या पक्ष्याला त्यांचं नाव मिळालं. 1922 नंतर तिथे तो खात्रीने कुणालाच दिसला नाही. लिबेनचा चंडोल शास्त्राला माहीत झाला तो फार पुढे. क्रिस्तियान एरार या फ्रेंच पक्षितज्ज्ञाने 1968 साली तो गाठला आणि 1975 साली त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. दोन देश, मध्ये शेकडो किलोमीटरचं अंतर, म्हणून दोन जाती. पुढे पूर्व इथिओपियातल्या जिजिगाजवळच्या माळावर, सोमालीलँडच्या सीमेच्या अलीकडे, असेच चंडोल सापडले. त्यांची लिबेनच्या पक्ष्यांशी आणि आर्चरांनी जमवलेल्या, संग्रहालयातल्या जुन्या कातड्यांशी तुलना झाली. जनुकं तपासली, मापं घेतली, गाणी ऐकली. 2013 साली निष्कर्ष छापून आला: ही सगळी एकच जात. हरवलेला पक्षी सापडला, ही आनंदाची बाजू. पण जिजिगाचा माळही नांगराखाली आणि गुरांखाली झिजलेला आहे. दोन जातींच्या जागी एक जात उरली, आणि तीही दोन थकलेल्या माळांवर.

लिबेनवर पुढे जे झालं ते मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. बोरानांमध्ये काल्लो नावाची जुनी रीत आहे. कुरणाचा एक भाग काटेरी फांद्यांचं कुंपण घालून राखून ठेवायचा. पावसाळ्यात त्यात गुरं सोडायची नाहीत. कोरड्या दिवसांत वासरांना आणि अशक्त जनावरांना ते गवत द्यायचं. कुंपण कुठे घालायचं, कधी उघडायचं, हे गावातली जाणती माणसं ठरवतात. पक्षी वाचवू पाहणाऱ्या संस्थांनी ही रीत हाताशी धरली. इथिओपियातली वन्यजीव आणि निसर्ग इतिहास संस्था, बर्डलाइफ इंटरनॅशनल आणि स्थानिक लोक यांनी मिळून माळावर मोठे काल्लो उभे केले आणि माळात शिरलेली झुडपंही तोडली. आत गवत दाटलं. बाहेरच्या चरलेल्या जमिनीपेक्षा काल्लोत चंडोल अधिक दिसू लागले.

कुंपणातलं गवत चंडोलासाठी असतं तसंच वासरांसाठीही असतं, आणि म्हणूनच ते राखलं जातं. गुरांना कायमची बंदी घातली असती तर लोकांनी ते कुंपण पहिल्याच टंचाईत मोडलं असतं, आणि माझ्या मते त्यांचं काही चुकलंही नसतं.

टंचाई आलीही. 2020च्या अखेरपासून पूर्व आफ्रिकेतल्या ‘हॉर्न ऑफ आफ्रिका’ या भागात लागोपाठ पाच पावसाळे कोरडे गेले आणि लाखो जनावरं मेली. अशा वर्षी दावणीची गाय उपाशी असताना काल्लो उघडायचा की अजून थोडा राखायचा, हा निर्णय ज्याची गाय आहे त्याच्यासाठी सोपा नसतो. या काळात चाऱ्याची आणि पाण्याची दुसरी सोय झाली तरच गवत राखता येतं. त्यामुळे पक्ष्यासाठी ठेवलेल्या पैशातला काही भाग गुरांच्या वैरणीवर खर्च होणं मला योग्यच वाटतं. जिजिगाच्या बाजूला माळ सोमाली पशुपालकांचा आणि शेतकऱ्यांचा आहे. त्यांच्या रीती वेगळ्या, जमिनीचे हक्क वेगळे. तिथल्या चंडोलांसाठी कुंपण कुठे आणि कुणाच्या संमतीने घालायचं, हे तिथल्याच माणसांबरोबर बसून ठरवावं लागेल.