मुलीला घरी बसवण्याआधी शाळेला हे विचारा

ऑगस्ट 2024 चा शेवटचा आठवडा. चिकलठाण्यात मी शिकवते त्या शाळेच्या फाटकावर चौथीतल्या एका मुलीची अम्मी उभी होती. पिशवीत मुलीची वह्या-पुस्तकं. म्हणाली, "मॅडम, अब कुछ महिने बच्ची को घरपेच रखते. बदलापूर का सुने ना? फिर देखेंगे."

हे "फिर देखेंगे" आम्ही शिक्षक चांगलं ओळखतो. कोरोनात मार्च 2020 ला शाळा बंद झाल्या, तेव्हाही काही घरांत मुलींबद्दल हेच ठरलं होतं. शाळा उघडल्या, त्यातल्या काही मुली मात्र परत आल्या नाहीत. कुणाचं लग्न झालं, कुणी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिली.

त्या अम्मीला मी विचारलं, "आपल्या शाळेत काय व्यवस्था आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं का?" ती म्हणाली, "नहीं, किसीने कुछ बताया नहीं." खरं होतं. शासनाचं परिपत्रक आलं होतं, ते ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलंही होतं. पण ते होतं मराठीत, सरकारी मराठीत, आणि आई वाचते उर्दू. चूक आमची होती.

म्हणून आज हे लिहिते आहे. शाळेनं काय करायचं हे कागदावर बरंच स्पष्ट आहे. ते घरापर्यंत पोचत नाही, हीच अडचण.

आधी बदलापूरचं थोडक्यात. ठाणे जिल्ह्यातल्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. अटक झाली ती नुकत्याच कामावर आलेल्या सफाई कर्मचाऱ्याला. 20 ऑगस्ट 2024 ला लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले, लोकल कित्येक तास बंद राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयानं प्रकरण स्वतःहून हातात घेतलं. शाळेला कळूनही तिनं पोलिसांना कळवलं नाही, यावर न्यायालयानं कडक शब्दांत बोट ठेवलं. त्याबद्दल शाळा चालवणाऱ्यांवर वेगळा गुन्हाही दाखल झाला.

हे नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे "शाळेची बदनामी नको, आपसात मिटवू" म्हणणारे बुजुर्ग कमी नाहीत. पोक्सो कायदा 2012 चा आहे. त्याच्या कलम 19 प्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, त्यानं ते पोलिसांना कळवलंच पाहिजे. शिक्षक असो, मुख्याध्यापक असो की संस्थेचा अध्यक्ष. न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला कैद आहे. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. मुलीचं नाव, फोटो, घर, शाळा यातलं काहीही जाहीर करायला कायद्यानं मनाई आहे. मोहल्ल्याच्या ग्रुपवर "दुआ करो" म्हणून मुलीचं नाव पाठवणं हीसुद्धा त्या मुलीवर दुसऱ्यांदा केलेली जबरदस्तीच आहे.

बदलापूरच्या उद्रेकाच्या दुसऱ्याच दिवशी, 21 ऑगस्टला, शालेय शिक्षण विभागानं शासन निर्णय काढला. त्यात काय आहे? शाळेत सीसीटीव्ही लावायचे, आणि नुसते लावायचे नाहीत, आठवड्यातून किमान तीनदा मुख्याध्यापकांनी फुटेज तपासायचं. शिपाई, सफाईवाले, बसचालक, कंत्राटी माणसं, कुणालाही कामावर घेताना पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यायची. तक्रारपेटी ठेवायची आणि ती वेळच्या वेळी उघडायची. काही अनुचित घडलं तर 24 तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायचं. 'सखी सावित्री समिती' तर त्याआधीच, मार्च 2022 पासून, प्रत्येक शाळेत असायला हवी होती. तिच्यात पालक महिलांनाही जागा आहे. तुमच्या शाळेच्या समितीत कोणती अम्मी आहे, माहीत आहे का? नसेल तर उद्याच विचारा. मे 2025 मध्ये आणखी एक निर्णय आला. हजेरी दिवसातून तीनदा घ्यायची आणि मूल गैरहजर असेल तर पालकांना एसएमएस करायचा.

आता हा एसएमएस जातो कुठे? अब्बांच्या फोनवर. आणि अब्बा असतात एमआयडीसीत, पहिल्या पाळीला. काही कंपन्यांत फोन गेटवरच जमा करून घेतात. म्हणजे "आपली मुलगी आज शाळेत पोचली नाही" हा संदेश संध्याकाळी वाचला जाणार. घरात असलेल्या आईला काहीच कळणार नाही. जालना रोडवर ट्रकांची वर्दळ काय असते ते आपण रोज बघतो. म्हणून पहिलं काम हे करा. शाळेत जाऊन घरी राहणाऱ्या माणसाचा नंबर नोंदवा. आईचा, दादीचा, ज्यांच्याकडे दिवसा फोन असतो त्यांचा. दाखल्याच्या वेळी दिलेला नंबर बंद झालेला असतो, हे दर वर्षी निम्म्या वर्गाला फोन लावताना मला कळतं!

शाळांनाही एक सांगणं आहे. पालकसभा जुम्याच्या दिवशी दुपारी दीड वाजता ठेवायची आणि मग "पालक येत नाहीत" म्हणायचं, हे बरोबर नाही. आमच्याकडे आता महत्त्वाची सूचना मी मिनिटभराच्या व्हॉइस मेसेजमध्ये सांगते. आधी मराठीत, मग घरात बोलतो त्या बोलीत. ज्यांना वाचता येत नाही त्या नानीसुद्धा ऐकतात आणि उलट प्रश्न विचारतात. फलकावरच्या कागदाला आजवर कुणी उलट प्रश्न विचारला नव्हता.

शाळेकडून खरी माहिती आली नाही की तिची जागा अफवा घेते. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवा. 1 जुलै 2018 ला "मुलं पळवणारी टोळी आली" या मोबाइलवरच्या अफवेपायी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. पोट भरायला गावात आलेली माणसं होती ती. आजही दर काही महिन्यांनी तसाच मेसेज आपल्या ग्रुपवर फिरतो, फक्त गावाचं नाव बदलून. पावसाळ्यात "उद्या शाळांना सुट्टी" चे खोटे आदेशही फिरतात. अतिवृष्टीची सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात. आदेशावरची तारीख आणि जिल्हा बघा, आणि वर्गशिक्षकांना एक फोन करा. आम्हाला त्रास होत नाही.

सुरक्षिततेबद्दल पालक निदान घाबरून का होईना, विचारतात. शिकण्याबद्दल मात्र प्रश्न एकच असतो, "पास है ना?" आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत, ही समजूत अजून पक्की आहे. ती जुनी झाली. 2023-24 पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. मूल नापास झालं तर जादा शिकवणी देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घेतात. तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवता येतं. ही फेरपरीक्षा उन्हाळ्याच्या सुट्टीला लागून येते. नेमकी तेव्हा घरं गावी गेलेली, फोन लागत नाही, आणि मुलाचं वर्ष जातं.

त्याच्या आधीच इशारा मिळण्याची सोयही आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून तीन चाचण्या होतात, पायाभूत चाचणी आणि दोन संकलित मूल्यमापनं. भाषा, गणित आणि इंग्रजी. दहा माध्यमांत होतात, उर्दूतही. गुण आम्ही ऑनलाइन भरतो, ते पुण्याला पोचतात, पण बऱ्याचदा शाळेच्या गल्लीतल्या घरात पोचत नाहीत. तुम्ही उत्तरपत्रिका बघायला मागा. गुणांपेक्षा ती जास्त सांगते. हातच्याची वजाबाकी चुकते आहे की प्रश्नच वाचता आला नाही, हे तिथं दिसतं. उर्दू माध्यमाच्या मुलांचं मराठी कुठे अडतं तेही विचारा. पुढे बस, बँक, तहसील सगळीकडे तेच लागणार आहे.

हे सगळं विचारायचा अधिकार कुठून येतो? शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. आपल्या अनेक उर्दू शाळा अल्पसंख्याक संस्थांच्या आहेत, त्यांच्यावर या समितीचं बंधन तसं नाही. पण पोक्सो सगळ्यांना लागू आहे. आणि शाळा अनुदानित असेल तर माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो. तेवढी वेळ सहसा येत नाही. मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. उत्तर नाही मिळालं तर मनपाची शाळा असेल तर मनपाचा शिक्षण विभाग, बाकी शाळांसाठी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. मूल संकटात असेल तर मात्र पत्रात वेळ घालवू नका. 1098 किंवा 112 लावा.

त्या अम्मीला मी त्या दिवशी आत घेतलं. कॅमेरे कुठे आहेत, मुलींचं स्वच्छतागृह कोणत्या बाजूला, सुट्टीनंतर मुलगी कुणाच्या ताब्यात देतो, हे दाखवलं. तिनं एक गोष्ट विचारली जी आमच्या लक्षातच आली नव्हती. "पीछे का छोटा गेट दोपहर को खुल्ला क्यों रहता?" पाणी भरायला टँकर येतो म्हणून. दुसऱ्या दिवसापासून टँकर आला की एक शिक्षक तिथं उभा राहतो. मुलगी आता सहावीत आहे.