एक पेनी आणि एक चौकशी

आज सहभागितेबद्दल बोलूया. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट लोकांवर सभागृहाचं कर्ज होतं. ठरलं असं, की बारा-बारा जणांचे गट करायचे, गटाच्या पुढाऱ्याने दर आठवड्याला घरोघरी जाऊन माणशी एक पेनी घ्यायची आणि ज्याला जमत नाही त्याची स्वतः भरायची. पण घरी गेल्यावर कोणाचं काय बिघडलंय ते कळू लागलं. पुढे हे गटच दर आठवड्याला एकत्र बसू लागले. इब्री लोकांस पत्राच्या १०व्या अध्यायात एकत्र येऊन एकमेकांना उत्तेजन द्या म्हटलंय, ते असंच घडतं.

मी आयटीवाला. आमच्याकडे सर्व्हरची तब्येत दर मिनिटाला तपासतात. चर्चच्या दारात मात्र "बरा आहे" ऐकून आपण निघतो. या आठवड्यात एकाच्या घरी जा, निवांत बसा.