‘पीस बी अपॉन हिम’मधला ‘बी’

हुजूर (स.) यांच्या नावापुढे इंग्रजी पुस्तकांत ‘पीस बी अपॉन हिम’ असे छापलेले असते. नववीच्या वर्गात दर वर्षी कुणी ना कुणी विचारतेच, “इथे ‘इज’ का नाही? ‘पीस’ तर एकवचनी आहे.” प्रश्न रास्त आहे. ही, शी, इट आले की ‘इज’ आणि क्रियापदाला ‘एस’, हे आम्हीच मुलांकडून घोकून घेतलेले असते. मग छापील पुस्तकात हे काय?

उत्तर मुलांच्या घरातच असते. मराठीत आपण ‘त्यांच्यावर शांती असो’ म्हणतो, ‘शांती आहे’ म्हणत नाही. ‘आहे’ म्हटले की खबर झाली, ‘असो’ म्हटले की दुआ झाली. मय्यतीच्या घरी ‘अल्लाह मगफिरत करो’ म्हणतात, ‘करतो’ नव्हे. उर्दूतही ‘करता है’ नाही, ‘करे’. इंग्रजीतला हा ‘बी’ म्हणजे आपला ‘असो’. ‘गॉड ब्लेस यू’मध्ये ‘ब्लेसेस’ नाही, इंग्लंडच्या राष्ट्रगीताच्या ‘गॉड सेव्ह द किंग’ या नावात ‘सेव्ह्ज’ नाही, त्याचे कारण हेच. जे घडते आहे ते हे रूप सांगत नाही. जे घडावे, घडू नये किंवा घडले तर, ते सांगते. इंग्रजी व्याकरणात याला सबजंक्टिव्ह मूड म्हणतात. मराठीत हे काम आज्ञार्थ आणि विध्यर्थ वाटून घेतात, उर्दूत मुजारे करतो: आए, जाए, करे, हो.

रूप सोपे आहे. क्रियापद जसे शब्दकोशात असते तसेच ठेवायचे. ‘गोज’चे ‘गो’, ‘इज’, ‘अ‍ॅम’ आणि ‘आर’ या तिन्हींचे ‘बी’. नकार हवा तर ‘डझ नॉट’ नको, क्रियापदाआधी नुसते ‘नॉट’: ‘वुई रिक्वेस्ट दॅट शी नॉट बी सेंट अलोन’, म्हणजे तिला एकटीला पाठवू नये अशी विनंती. अडचण रूपाची नसते, ते कुठे वापरायचे याची असते. आणि इथे औपचारिक इंग्रजीतली काही उभयान्वयी अव्यये मुलांना हटकून फसवतात.

त्यांत पहिला नंबर ‘लेस्ट’चा. स्पर्धा परीक्षांत चूक ओळखा म्हणून जी वाक्ये येतात त्यांत हा पाहुणा ठरलेलाच. ‘औषध वेळेवर घे, ताप परत येऊ नये’ हे वाक्य इंग्रजीत करायला दिले की निम्मा वर्ग ‘लेस्ट द फीव्हर डझ नॉट रिटर्न’ लिहितो. म्हणजे औषध कशासाठी घ्यायचे, तर ताप न परतण्याची भीती आहे म्हणून! चूक कुठून आली ते उघड आहे. मराठीतला ‘नये’ मुलांनी इमानदारीने इंग्रजीत आणला. पण ‘लेस्ट’च्या पोटात नकार आधीच बसलेला आहे. जुन्या इंग्रजीत हा तीन शब्दांचा समूह होता आणि त्यात ‘लेस’, म्हणजे ‘कमी’, हा शब्द होता. त्याचाच घासून ‘लेस्ट’ झाला.

इथे उर्दूचा रस्ता धरला तर मूल चुकत नाही. ‘ऐसा न हो कि बुखार लौट आए.’ बघा, ‘न’ सगळा जोडशब्दात गेला, ‘लौट आए’ मोकळा राहिला. ‘लेस्ट द फीव्हर रिटर्न.’ शब्दाला शब्द. जुन्या उर्दू किताबांत यासाठी ‘मबादा’ हा फारसी शब्द भेटतो. त्यातला ‘म’ नकाराचा आणि ‘बादा’ म्हणजे ‘होवो’, एकूण ‘न होवो’. ‘लेस्ट’ला याहून जवळचा नातेवाईक आम्हाला तरी दुसऱ्या भाषेत दिसला नाही. घरात उर्दू नसेल, कोकणातल्या आपल्या पुष्कळ घरांत ती नसते, तर मराठीतला ‘न जाणो’ घ्या: ‘न जाणो, ताप परत यायचा.’ इथेही ‘न’ पुढे, क्रियापद मोकळे.

‘लेस्ट’ची आणखी एक खोड म्हणजे ते भूतकाळाला जुमानत नाही. ‘शी वॉक्ड फास्ट लेस्ट शी मिस द बस.’ चालणे भूतकाळात, तरी ‘मिस’ला ‘ईडी’ नाही. उर्दूत ‘वह तेज चली के बस छूट न जाए’, तिथेही ‘जाए’च, ‘गई’ नाही. आपल्याकडच्या व्याकरणाच्या पुस्तकांत ‘लेस्ट’नंतर ‘शुड’ लावायला शिकवतात, तेही बरोबर आहे. पर्यायांत ‘शुड’ असेल तर बिनधास्त तो निवडावा. पण ‘शुड’ नसलेले वाक्य चूक म्हणून कुणी तांबड्या शाईने खोडू नये.

‘ऑन कंडिशन दॅट’ म्हणजे ‘बशर्ते कि’. ‘किताब ले जाओ, बशर्ते कि पीर तक वापस की जाए.’ इंग्रजीत ‘ऑन कंडिशन दॅट इट बी रिटर्न्ड बाय मंडे’. ‘इज’ लिहिले तर आज कुणी फाशी देत नाही, मात्र करारात, वाचनालयाच्या नियमात, शिष्यवृत्तीच्या पत्रात ‘बी’ दिसला तर ती छपाईची चूक नव्हे. ‘व्हेदर ही बी रिच ऑर पुअर’ला उर्दूत ‘ख्वाह वह अमीर हो या गरीब’. ‘बी’च्या जागी नेमका ‘हो’. ‘ऑल्बीइट’ या एका शब्दात तर ‘ऑल’, ‘बी’ आणि ‘इट’ असे तिघे एकमेकांना चिकटून बसले आहेत: जरी असे असले तरी. ‘इन ऑर्डर दॅट’पुढे बहुतेक वेळा ‘मे’ किंवा ‘माइट’ येतो, त्याचा बाऊ करायला नको.

‘प्रोव्हायडेड दॅट’बाबत मात्र उत्साह आवरावा. नियम नवा नवा कळला की मुले सगळीकडे ‘एस’ तोडत सुटतात. आजच्या इंग्रजीत ‘प्रोव्हायडेड दॅट ही पेज’ हेच सरळ वाक्य. ‘पे’ फार जुनाट वाटते. आपल्या कायद्यांत हे शब्द पानोपानी असतात, मराठी अनुवादात तिथे ‘परंतु’ छापतात, पण त्यांच्या पुढे ‘शॅल’ येतो. आपला ‘बी’ सापडतो तो संसदेच्या कायद्यांच्या सुरुवातीला, ‘बी इट इनॅक्टेड बाय पार्लमेंट’ या ठरावीक वाक्यात.

हे सगळे परीक्षेच्या गुणांपुरते असते तर आम्ही एवढे लिहिले नसते. ‘दॅट’नंतर एका ‘एस’ने अर्थ उलटतो. भाडेकरूने घरमालकाला लिहिले, ‘वुई इन्सिस्ट दॅट द टॅप बी रिपेअर्ड’, तर नळ दुरुस्त करून द्या असा आग्रह झाला. ‘इज रिपेअर्ड’ लिहिले तर नळ दुरुस्तच आहे असे ठासून सांगणेही झाले, आणि घरमालक खुशाल म्हणू शकतो, मग तक्रार कसली? ‘ही इन्सिस्ट्स दॅट शी स्टडी’ म्हणजे तिने शिकावे असा त्याचा हट्ट. ‘स्टडीज’ म्हणजे ती शिकते असा त्याचा दावा. आपल्या घरांतून अर्ज, खुलासे, हमीपत्रे आता मुलीच लिहितात, अब्बू खाली सही करतात. तेव्हा ‘शिकावे’ आणि ‘शिकते’ यांतला फरक लिहिणारीला ठाऊक असायला हवा. मराठीत ‘-वे’ आला की इंग्रजीत ‘एस’ गेला, एवढी खूण पुरते: ‘तिने जावे असे आम्ही सुचवतो’, ‘वुई सजेस्ट दॅट शी गो’.

गंमत अशी की हे रूप मरणपंथाला लागले, असे फाउलर या इंग्रजांच्या नामवंत व्याकरणकाराने 1926 मध्येच लिहून ठेवले होते. झाले उलटे. अमेरिकेत ‘दॅट शी गो’ असे बोलणे जोमात राहिले आणि तिथून ते परत इंग्लंडात शिरले.

‘इफ आय वेअर’ हा याच घराण्यातला दुसरा भाऊ, रूपाने भूतकाळी आणि अर्थाने कल्पनेतला. मुलांना तो विचित्र वाटतो. पण ‘इन्शाअल्लाह’मधला ‘शाअ’ अरबीत रूपाने भूतकाळीच आहे आणि अर्थ पुढचा: अल्लाहने इच्छिले तर. रोज तोंडी असलेल्या शब्दात हे कसब आहेच.

घरी करून पाहायला चार वाक्ये देतो. आधी उर्दूत किंवा मराठीत म्हणा, मग इंग्रजीत लिहा. दार लाव, न जाणो मांजर आत यायची. तू सहलीला जा, पण मगरिबपूर्वी परत यावेस या अटीवर. पाहुणा ओळखीचा असो वा अनोळखी, त्याला पाणी द्या. आणि चौथे जरा अवघड: डॉक्टरांचे म्हणणे आहे की आजीने साखर खाऊ नये. शेवटच्या वाक्यात ‘डझ नॉट ईट’ लिहिले असेल, तर ‘डॉक्टर इन्सिस्ट्स’ जोडून ते वाक्य आजींना वाचून दाखवा. त्या लगेच म्हणतील, बघा, मी खातच नाही असे डॉक्टरच सांगतात.