टॉप-अप करताना कोणतं तेल?

ट्रान्सफॉर्मरच्या कन्झर्वेटरमधली पातळी उतरली की गोडाऊनमधून हाताला लागेल तो बॅरल आणून टॉप-अप करायचं, ही जुनी सवय. दोन्ही तेलं लगेच एकजीव होतात, बीडीव्हीही (ब्रेकडाउन व्होल्टेज) झकास येतो. मग बिघडलं कुठे?

आधी बीडीव्ही काय सांगतो ते पाहू. तेलाच्या कपात अडीच मिलिमीटर अंतरावर दोन इलेक्ट्रोड असतात. सेकंदाला 2 किलोव्होल्ट या वेगाने दाब चढवायचा, ठिणगी पडली की आकडा टिपायचा. अशा सहा आकड्यांची सरासरी म्हणजे बीडीव्ही. त्यात सापडतं ते मुख्यतः पाणी आणि कागदाचे तंतू. हे मिश्रण पाच-दहा वर्षं टिकेल का, ते त्यावरून कळत नाही.

कारण खरी गोम विरघळण्यात आहे. जुन्या तेलात ऑक्सिडेशनने तयार झालेली आम्लं आणि गाळ होऊ पाहणारी द्रव्यं विरघळलेली असतात. त्यांना धरून ठेवण्याची ताकद नॅफ्थेनिक तेलात जास्त, पॅराफिनिक आणि अतिशुद्ध तेलात कमी. त्यामुळे थकलेल्या तेलात स्वच्छ नवं तेल ओतलं की लपलेला गाळ बाहेर पडू शकतो. तो चिकटतो वाइंडिंगच्या कागदाला आणि तेल फिरण्याच्या अरुंद वाटांत, म्हणजे जिथून उष्णता बाहेर पडायची नेमकं तिथेच. शिवाय ऑक्सिडेशन रोखणारं इनहिबिटर घातलेल्या तेलात साधं तेल मिसळलं की इनहिबिटरचं प्रमाण घटतं, ते वेगळंच.

आतलं तेल सुस्थितीत असेल आणि त्याच जातीच्या नव्या तेलाची भर 5 टक्क्यांच्या आत असेल, तर सहसा त्रास होत नाही. त्यापुढे मात्र जितकं ओतायचं त्याच प्रमाणात नमुना मिसळून आम्लता, टॅन डेल्टा आणि गाळ तपासून घ्यावा. मिश्रण दोघांपैकी डाव्या तेलाहूनही डावं निघालं, तर तो बॅरल परत.

आतापर्यंतची तेलं खनिज होती. एस्टरही खनिज तेलात कितीही मिसळतं. पण एस्टर घेतात ते 300 अंशांवरच्या फायर पॉइंटसाठी, आणि तो खाली आणायला थोडकं खनिज तेलही पुरतं. टाकी रिकामी केली तरी कागदात मुरलेलं तेल राहतंच, हे रेट्रोफिलिंग करताना, म्हणजे खनिज तेल काढून एस्टर भरताना, धरून चालावं.

सिलिकॉन तर खनिज तेलापासून लांबच ठेवावं. त्याचा अंश जरी गेला तरी व्हॅक्यूमखाली फेस धरतो. म्हणून सिलिकॉनसाठी फिल्टर मशीन आणि होज वेगळे.