करंट की पेट्रोल?

प्रीमियर पद्मिनी दोन तऱ्हांनी बंद पडते. दिवा मालवावा तशी एका क्षणात गप्प झाली, तर संशय करंटवर. आचके देत, रेस दाबूनही जोर न धरता मेली, तर पेट्रोलवर. म्हणून पुण्यात नाना पेठेतले एक मिस्त्री बॉनेटला हात लावण्याआधी विचारतात, "गार असताना बंद पडते की तापल्यावर? स्लोला की पळताना?" मालकांना हे सांगता येत नाही. बदललेल्या पार्टची यादी मात्र तोंडपाठ असते.

मी पाहिली त्या गाडीचेही प्लग, कार्बोरेटरचं किट आणि एसी पंप (म्हणजे पेट्रोलचा पंप) बदलून झाले होते. सकाळी ठीक, तापली की मिसिंग, मग खटकन बंद. मालक एसी पंपावर ओलं फडकं टाकून बसत आणि थोड्या वेळाने ती सुरू होई. हा उपाय जुनाच आहे. उन्हाळ्यात इंजिनाच्या धगीने पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, ती पंपाला ढकलता येत नाही. पण फडक्याने पंप गार होईपर्यंत बॉनेटखालचं बाकी सगळंही गार होतं. श्रेय फडक्याला मिळतं आणि खरा दोष सुटतो.

मिस्त्रींनी इंजिन मुद्दाम तापवलं. मिसिंग सुरू झाल्यावर रबरी मुठीच्या पकडीने प्लगची एकेक वायर काढून लावली. जी काढल्याने आवाजात फरक पडत नाही, तिचा सिलिंडर आधीच मेलेला. इथे चारही वेळा इंजिन सारखंच दबलं. म्हणजे दोष एका प्लगचा नाही, चौघांच्या सामाईक वाटेवरचा.

तेवढ्यात गाडी बंद पडली आणि मिस्त्रींची घाई सुरू झाली, कारण गार झाल्यावर काही सापडत नाही. एअर क्लीनर काढून रेसची दांडी ओढली. कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची बारीक धार उडाली. पेट्रोल होतं. मग डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, टोपणातली मधली वायर काढून टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरलं (पेट्रोल लागलेलं फडकं आधी लांब टाकून) आणि स्टार्टर मारायला सांगितला. निळी, कडकडीत ठिणगी हवी होती; पिवळी, मरतुकडी पडली.

टोपणाखाली पॉइंट काळे पडलेले. पॉइंट उघडताना तिथेच उडी मारू पाहणारा करंट कंडेन्सर झेलतो, म्हणून कॉइलमध्ये हजारो व्होल्ट उठतात. ३००० आरपीएमला हे मिनिटाला ६००० वेळा होतं. तापल्यावर कंडेन्सर आतून गळू लागला की ठिणगी फिकी पडते आणि पॉइंट जळतात. कंडेन्सर बदलला, पॉइंट घासून फिलर गेजने गॅप लावली आणि गाडी पुन्हा तापवली. ती चालू राहिली.

आधी सिद्ध केल्याशिवाय पार्ट बदलणं ही दुरुस्ती नव्हे, सोडत आहे. त्यातून पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकांवर काळ लोटलाय. खोक्यातला नवा पार्ट जुन्यापेक्षा बरा असेलच असं नाही. तुमची गाडी बंद पडली तर ती कशी आणि केव्हा पडली ते कागदावर लिहून न्या, आणि काढलेला पार्ट परत मागून घ्या.