भिंतीचे कर्ते

मराठवाड्यातल्या जुन्या दगडी घराची भिंत कुठे अर्धवट ढासळलेली दिसली, तर थांबून तिचा छेद जरूर पाहावा. बाहेरून दोन-अडीच फुटांची एकसंध वाटणारी ती भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात. एक बाहेरच्या तोंडाची, एक आतल्या तोंडाची. दोन्हींचे दर्शनी दगड गवंड्याने नीट बसवलेले असतात आणि मधल्या पोकळीत चिपा, गोटे, माती असं मिळेल ते भरलेलं असतं. सांधायला मातीच. या भिंतींवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा फूटभराहून जाड थर, म्हणजे माळवद. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारी ही रचना पिढ्यान् पिढ्या चालत आली, कारण तिला मोठा हादरा बसलाच नव्हता.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी तो बसला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गावं गाढ झोपली होती. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी अशा लातूर-उस्मानाबादच्या गावांत सुमारे 8 हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता 6.2 होती. जगाच्या मानाने हा मध्यम भूकंप, पण त्यातली बहुतेक माणसं आपल्याच घराच्या दगडामातीखाली गेली. त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. 2002 मध्ये नकाशा सुधारला तेव्हा पहिलं क्षेत्रच रद्द झालं आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला.

दगड मजबूत असतानाही भिंत का पडली? हादऱ्याबरोबर दोन तोंडं वेगवेगळी हलू लागली. मधला भराव खाली बसला आणि पाचरीसारखा दोन्ही बाजूंना रेटू लागला. गवंडी ज्याला ‘भिंतीला पोट आलं’ म्हणतात ते एरवी पंधरा-वीस पावसाळ्यांत येतं, त्या पहाटे ते काही सेकंदांत आलं. कोपरे उकलले, कारण दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्या नव्हत्या, नुसत्या टेकलेल्या होत्या. वरून माळवदाचं ओझं आलं. मात्र जिथे छताचा भार लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर, म्हणजे खणांवर होता, तिथे अनेक ठिकाणी भिंती बाहेर कोसळूनही खण उभे राहिले. हे खण करणाऱ्या सुताराचं नाव कुणालाच माहीत नाही. पण खांब आणि तुळई यांना जोडणारा तिरका आधार देण्याची त्याची सवय लोकांना वाचवून गेली.

भूकंपानंतर अशा भिंतीचं काय करायचं, याचं उत्तर अभियंत्यांकडे तयार होतं. दुर्बळ बांधकामाची भूकंपरोधकता वाढवण्याबद्दलची मार्गदर्शक मानकं भारतीय मानक ब्युरोने नेमकी 1993 सालीच काढली होती: मातीच्या घरांसाठी आयएस 13827, दगड-विटांच्या कमकुवत घरांसाठी 13828, दुरुस्ती आणि मजबुतीकरणासाठी 13935. त्यातला एकच उपाय जवळून पाहण्यासारखा आहे. नवी भिंत बांधताना दोन्ही तोंडांना शिवणारे आरपार दगड ठरावीक अंतराने घालावेत, हे जुनंच शहाणपण. पण उभ्या भिंतीत ते नसतील तर? दोन्ही बाजूंनी समोरासमोरचा एकेक दगड हलक्या हाताने सुटा करायचा. घण मारायचा नाही, शेजारचे दगड हलू द्यायचे नाहीत. मधला भराव हळूहळू कोरून काढला की डमरूसारखा खड्डा होतो, टोकांना रुंद आणि मध्ये तीनेक इंच. त्यात दोन्ही टोकांना आकडे वळवलेली 8 मिलिमीटरची सळई आडवी ठेवायची आणि काँक्रीट ठासून भरायचं. काँक्रीट घट्ट झालं की दोन भिंतींची एक भिंत होते. अशा गाठी भिंतभर साधारण मीटर-मीटरवर घ्यायच्या असतात.

बाकीचे उपाय याच विचाराचे. दारा-खिडक्यांच्या वरून आणि छताच्या खालून घरभर फिरणारा पट्टा, नव्या घरात काँक्रीटचा, तर जुन्यात भिंतीवर ठोकलेल्या तारेच्या जाळीवर सिमेंटचा गिलावा देऊन केलेला. माळवदाची माती कमी करायची, छताच्या तुळया भिंतीला नीट अडकवायच्या, खणाला तिरके आधार नसतील तर द्यायचे.

आता या मजबूत झालेल्या भिंतीचा कर्ता कोण? मूळ गवंडी, ज्याने दर्शनी दगड लावले? मानक लिहिणारी समिती? आकडा वळवणारा सळईवाला? की घरमालक, ज्याने पैसा आणि धीर दिला? हा प्रश्न नुसता तात्त्विक नाही. 1969 मध्ये मिशेल फूको या फ्रेंच विचारवंताने ‘लेखक म्हणजे काय’ असा प्रश्न मांडला आणि लक्षात आणून दिलं की ग्रंथाला लेखकाचं नाव जोडणं हे केवळ श्रेयाचं नसतं. लिहिलेल्याबद्दल कुणाला तरी जाब विचारता यावा, शिक्षा करता यावी, यातूनही ती प्रथा रुजली. इमारतींच्या बाबतीत तर हे अगदी खरं आहे. शहरातल्या नकाशावर वास्तुविशारदाची सही असते. किल्लारीच्या माळवदावर कुणाची सही नव्हती, त्यामुळे पडलेल्या भिंतीचा जाब विचारायचा तरी कुणाला?

सहीबाबत इतिहासाने न्याय केलेला नाही. 1755 च्या भूकंपानंतर लिस्बन शहर उभारताना दगडी भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा घालण्याची पद्धत आली. नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून तिची परीक्षाही घेतली गेली. ही रचना लष्करी अभियंत्यांची, पण ती ओळखली जाते पोंबाल या मंत्र्याच्या नावाने. आपल्याकडे तर कर्त्याचं नावच विस्मरणात गेलं. तेव्हा भारतात असलेल्या क्वेट्ट्याजवळच्या 1931 च्या माच भूकंपानंतर एस. एल. कुमार या रेल्वेतल्या तरुण अभियंत्याने भिंतींत जुने रूळ घालून भूकंपाला टिकणारी घरं बांधली. त्यामागचं गणित 1933 मध्ये छापलं आणि सोबत भारताचा भूकंपक्षेत्रांचा नकाशाही दिला. 31 मे 1935 रोजी क्वेट्टा उद्ध्वस्त झालं, त्यांची घरं मात्र उभी राहिली. या माणसाचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं.

मराठवाड्याला कर्तेपणाचा एक वेगळा वारसा आहे. पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. तीनशे वर्षांत नकलनवीसांच्या हातून शिरलेले पाठभेद त्यांनी ताडून पाहिले, अशुद्ध ते काढलं आणि शेवटी बजावलं की यात कुणी आपली ओवी घालू नये. ग्रंथाच्या बाबतीत ही मर्यादा योग्यच. भिंतीच्या बाबतीत मात्र ती पाळता येत नाही. तिथे मूळ कर्त्याने जे घातलं नव्हतं ते घालावंच लागतं, आणि तरी घर त्याचंच राहावं लागतं. मजबुतीकरणाचं खरं कौशल्य यात आहे.

किल्लारीनंतर शासनाने दोन वाटा धरल्या. सर्वाधिक हानी झालेली 52 गावं नव्या जागी वसवली. चौकटीत आखलेले सरळ रस्ते आणि एका साच्यातली घरं. वाडा, अंगण, भावकीची आळी यांना त्यात जागा नव्हती. दुसरी वाट इतर नुकसानग्रस्त गावांची. तिथे सुमारे 1 लाख 90 हजार घरांच्या दुरुस्ती-मजबुतीसाठी पैसे थेट घरमालकाला दिले गेले आणि बांधायचं त्यानेच. या कामात गावातल्या महिला मंडळांच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना तयार केलं. सळई किती जाडीची, पट्टा कुठून कुठवर, सिमेंटला पाणी किती दिवस मारायचं, हे त्या घरोघरी सांगू लागल्या आणि गवंड्याचं काम उभ्या राहून तपासू लागल्या. 2001 मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिथल्या बायकांना शिकवायला गेल्या. मानकातलं तांत्रिक ज्ञान अशा रीतीने माणसांच्या तोंडी आलं.

पण एक दुखरी गोष्टही सांगायला हवी. बहुतेक मालकांनी जुनी भिंत मजबूत करून घेण्यापेक्षा अनुदानात एक नवी खोली काढणं पसंत केलं. ज्या दगडाखाली माणसं गेली त्यावर पुन्हा विश्वास बसणं अवघड होतं, हे समजण्याजोगं आहे. त्याचा परिणाम असा की खोलीच्या शेजारी जुनं माळवद तसंच राहिलं, त्यात धान्य, कडबा, कधी म्हातारी माणसंही.

ज्यांनी मजबुतीकरण केलं त्यांच्या घरांना आज निराळा धोका आहे. पट्टा गिलाव्याखाली दडलेला, गाठी रंगाखाली. पुढची पिढी दार मोठं करायला नवा गवंडी बोलावते. पट्ट्याची माहिती नसल्याने तो छिन्नीने पट्टाच तोडून टाकतो आणि अनेक वर्षांपूर्वीचं काम अर्ध्या दिवसात निकामी होतं. म्हणून घराच्या नोंदीत पट्टा कुठून जातो, गाठी कुठे आहेत, काम कोणत्या साली कोणत्या गवंड्याने केलं, हे लिहिलेलं हवं. चौकटीवर गवंड्याचं नाव आणि साल कोरलं तरी चालेल. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत यासाठी एक रकाना वाढवायला खर्च काहीच येत नाही.